सवतीची मोटार

माझ्या सवतीला मी कधी पाहिलं नाही. ती लढाईच्या दिवसांत गेली, आणि मी सौंसरच्या या घरात लग्न होऊन आले स्वातंत्र्याच्या वर्षी, वैशाखात. तिचं नाव पंचफुला. ती दिसायला कशी होती हे विचारायची सोय नव्हती आणि तिचा फोटो कोणी काढलेला नव्हता. पण दुसरेपणावर आलेल्या बाईला आमच्याकडे सवत गळ्यातच बांधून देतात. मंगळसूत्राशेजारी तिच्या नावाचा चांदीचा टाक घालतात. अधेलीएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती, दोन डोळे, दोन हात. असा मान दिला म्हणजे ती त्रास देत नाही, असं सासरच्या बायकांनी मला सांगितलं. त्या बायकांना त्रास म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, एवढंच मी म्हणेन.

आमचे हे, म्हणजे गावाचे भैय्याजी. संत्र्याचा बगीचा, थोडं कपाशीचं वावर, विहिरीवर इंजिन. माणूस उंच, हाडापेराचा, दाढी चार दिवसांनी करणारा. गावात कोणाची मोट अडली, कोणाचं कुलूप गंजलं, की भैय्याजींना बोलावणं. सारं दुरुस्त करायचे, फक्त तोंड उघडायचे नाहीत. बैलांशी बोलत. विहिरीवरच्या इंजिनाशी बोलत. ते इंजिन सुरू होईना तेव्हा त्याची समजूत घालताना मी या कानांनी ऐकलं आहे. माझ्याशी मात्र "ऐकलं का," "वाढ," आणि "झालं." या तीन शब्दांवर माझा नऊ वर्षं संसार झाला, त्यात एक मुलगीही झाली, सुधा. मी पांढुर्ण्याच्या मास्तरांची लेक, मराठी सातवी पास, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. आमच्या पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठी लोक एकमेकांवर गोटे मारतात, ती गोटमार; मी भांडायला उभी राहिले की हे एवढंच म्हणायचे, "गोटमारीच्या गावची हाये. गोटा हाती याच्या आधीच मारते." आणि बगीच्यात निघून जायचे.

बोलत नाहीत तर नाही, काही पुरुष असतातच तसे, अशी मी मनाची समजूत घातली होती. पण घरातली आणि शेजारची माणसं ती समजूत टिकू देत नसत. "पंचफुलाशी घंटाघंटा बोलत बसे," असं शेजारची जयवंता पहिल्याच महिन्यात सांगून गेली. ती जयवंता म्हणजे आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र. पंचफुला हसली की आंगण हसे. पंचफुलाच्या हातच्या पातोडीच्या भाजीला सारं सौंसर लोटे. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. मी पातोडी केली की माझे सासरे, बापूजी, बोटं चाटून खायचे आणि शेवटी म्हणायचे, "बरी झाली, सूनबाई. अवधीत तिच्यावानी येईन." नऊ वर्षांत ती अवधी काही संपली नाही.

आता मोटारीचं सांगते.

बापूजींनी लढाईच्या आधी नागपूरहून एका चहाच्या कंपनीची जुनी मोटार आणली होती. पुढे इंजिनाचं नाक, मागे सागवानी चौकटीवर पत्रा ठोकलेली बंद पेटी, गाव सारं तिला व्हॅन म्हणे. बहारात ती संत्री वाहायची आणि शनिवारी घरच्यांना घेऊन जामसावळीच्या मारुतीला जायची. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा तिच्या मागे कोळशाच्या गॅसचा ड्रम बसवला. त्याच वर्षी पंचफुला बाळंतपणाला अडली. नागपूरची छोटी रेल्वे निघून गेली होती. यांनी तिला मोटारीच्या मागच्या पेटीत गादीवर घातलं आणि मोटार हाणली. केळवदच्या अलीकडे एक चढ आहे. कोळशाच्या गॅसला तेवढा जोर नव्हता. मोटार चढावर थांबली. ड्रम पुन्हा तापेपर्यंत ती गेली, आणि पोटातलं लेकरूही गेलं. यांनी मोटार वळवली, घरी आणली, गोठ्याच्या टोकाला उभी केली आणि तिच्यावर कडबा रचला. मी आले तेव्हा कडब्याखाली मोटार आहे हे मला कोंबड्यांमुळे कळलं. त्या आत अंडी घालायच्या.

नऊ वर्षं तो कडबा हलला नाही. मग छप्पन सालचा उन्हाळा आला. चावडीवर, दुकानात, न्हाव्याकडे, जिथे तिथे एकच विषय. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आपण मध्यप्रदेशातच राहणार, आपली राजधानी भोपाळ. पांढुर्ण्याला आमच्या बाबांना तर रडू आलं, कारण त्यांचं सारं शिक्षण नागपूरचं. हे कधी अशा गप्पांत बसत नसत. पण एका दुपारी न्हाव्याकडून आले ते सरळ गोठ्यात गेले आणि कडब्याच्या पेंढ्या ओढून फेकू लागले. मी धावत गेले. वाटलं, साप निघाला.

"काय करून राहिले?" मी विचारलं. यांच्यासोबत राहून माझी शाळेची भाषा अधूनमधून अशी घसरायची.

"मोटार काढून राहिलो."

"कशाला?"

"नवंबरपासून केळवद दुसऱ्या राज्यात जाते," हे म्हणाले. "नाका बसन. परमिट मांगतीन. त्याच्या आधी नागपूरले जाऊन याचं हाये."

नऊ वर्षांतलं सगळ्यात लांब बोलणं ते. मला केळवद शब्द ऐकूनच कळलं, ही नागपूरची हौस नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली. नागपूरला रोज मोटारी जातात, रेल्वे जाते. मला कधी नेलं होतं का? मी नऊ वर्षांत नागपूर पाहिलं ते एकदा, भावाच्या लग्नाचं लुगडं घ्यायला, तेही बाबांबरोबर.

तेव्हापासून आमच्या आंगणात मोटार राहायला आली आणि मी पाहुणी झाले. हे सकाळी उठून चहा घ्यायचे तो मोटारीच्या पायरीवर. इंजिन जाम झालं होतं, म्हणून त्याच्या नळकांड्यांत घासलेट ओतून ठेवलं आणि रोज जाऊन हँडल हळूच हलवून पाहायचे, बाळाला पाळण्यात झोका द्यावा तसं. पहिल्यांदा हँडल इंचभर फिरलं त्या दिवशी यांनी गूळ वाटला. सुधाच्या जन्माच्या वेळी पेढे बापूजींनी वाटले होते, हे मी विसरलेली नाही.

खालच्या सागवानी पट्ट्या कुजल्या होत्या त्या सुताराकडून नव्या बसवल्या. पत्रा घासायला घेतला तर रंगाचे थर निघाले. वर काळा, त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळ्यावर लाल अक्षरांत चहाची जाहिरात. यांनी घासता घासता मध्येच हात थांबवला आणि हिरव्या रंगाचा एक तुकडा तसाच ठेवला, मागच्या दाराच्या आतल्या बाजूला.

"तेवढा का सोडला?" मी विचारलं.

"असू दे."

मी नंतर जाऊन पाहिलं. काही नव्हतं त्यावर. रंगच होता. पण तिच्या वेळचा होता, आणि मला तो पुरला. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. यांच्या लक्षातही आलं नाही. न बोलणाऱ्या माणसावर अबोला धरणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

रेडिएटर पितळेचा होता. तो माझ्या चिंचेनं घासला. देवाची भांडी घासायला ठेवलेली वर्षाची चिंच, बरणीच्या बरणी. घासून असा लखलखीत केला की जयवंता त्यात पाहून कुंकू लावू लागली. "प्रेमलताबाई," ती मला म्हणाली, "भैय्याजीनं सवत आनली वो आंगनात." गल्लीभर हसं झालं. मीही हसले. काय करणार? तिला काय माहीत, ती सवत जुनीच होती.

खरी ठिणगी पडली ती पुढच्या सीटवरून. मागची पेटी यांनी नुसती रंगवली, बसायला दोन फळ्या मारल्या. पण ड्रायव्हरच्या शेजारची जागा! तिची स्प्रिंग नागपूरच्या कबाड्याकडून आली. वर लाल रेक्झिन. आत भरायला कापूस कोणता, तर सावरीचा, मी दोन वर्षं बोंडं वेचून सुधाच्या उशीसाठी साठवलेला. माझ्याच शिलाईच्या मशीनवर यांनी स्वतः बसून शिवली ती गादी. टाका वाकडा गेला की उसवून पुन्हा. मी दारात उभी राहून पाहत होते. माझं पोलकं उसवलं तर या माणसाला दिसत नाही.

"ही जागा कोणाची?" मी विचारलं.

"हाये एकीची."

एवढंच. मला वाटलं, मशीनचं चाक हातानं थांबवावं आणि विचारावं, एकीची म्हणजे कोणाची, नाव घ्या. पण नाव मला ठाऊक होतं, आणि ते यांच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं. त्या रात्रीपासून मी ठरवलं. या मोटारीत मी बसेन तर त्या जागेवर, नाहीतर बसणार नाही. लुगडं मागितलं नाही, सोन्याचा डाग मागितला नाही. एक हातभर लाल रेक्झिन, तेवढं माझं.

सीट बसली आणि तिच्यावर पांढरं कापड टाकलं गेलं. कोणी बसायचं नाही. सुधा एकदा चढली तर तिला उचलून खाली ठेवलं. आमचे बाबा पांढुर्ण्याहून आले होते. मोटारीची फेरी मारायची म्हणून टोपी सारखी करून ते पुढच्या दाराशी गेले. मास्तर माणूस, वयानं मोठे, यांचे सासरे. हे म्हणाले, "मास्तरसाहेब, मागं या जी." बाबा मागे फळीवर बसले, संत्र्याच्या पेटीसारखे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्यावर मी यांच्यावर जे तोंड टाकलं ते बापूजींनी बगीच्यातून ऐकलं. बापूजी परत आले ते सरळ खाटेकडे गेले. आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दोन्ही बैलांचं झालं. वाटीत हळद-तूप उरलं. हे वाटी घेऊन मोटारीकडे गेले, तिच्या चाकावरच्या पत्र्याला, जिथं बैलाचा खांदा असता तिथं, हळद-तूप चोळलं आणि वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी बैलांना पुरणपोळी भरवली आणि मोटारीचं ताट हे मागू लागले. मी म्हटलं, "तिला तोंड कुठे आहे?" हे म्हणाले, "रेडिएटरपाशी ठेव." मी ठेवलं. तूप न घालता. कोंबड्यांनी खाल्लं.

पोळ्यानंतर पितरपाख लागतो, आणि पितरपाखातली नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. दरवर्षी त्या दिवशी मी पंचफुलासाठी रांधते. तिच्या नावानं एक सवाष्ण बोलावते, तिला पंचफुला मानून पाटावर बसवते, तिचे पाय धुते, पातोडी वाढते, ओटी भरते. मग तिची बोळवण. माहेरवाशिणीला पोचवावं तसं तिला गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पोचवायचं, मागे वळून पाहायचं नाही. दरवर्षी ही सवाष्ण म्हणजे जयवंता. ती पातोडी दोनदा मागून घेते आणि म्हणते, "पंचफुलाच्या हातची सर नाही." पंचफुला होऊन बसलेली असतानासुद्धा!

यंदा नवमीच्या आधी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "या खेपी बोळवन मोटारीनं करू," हे म्हणाले. "सवाष्ण पुढं बसवू. नागपूरच्या दवाखान्यापर्यंत नेऊ. पोहचली नोती ती."

तर सीट खरोखर तिचीच होती. मी हातातली लाटी परातीत आपटली. जिवंत बायको घरात असताना मेलेलीसाठी सावरीच्या कापसाची गादी, आणि तिच्यावर बसणार जयवंता! म्हणजे मी पाय धुवायचे, मी ओटी भरायची आणि मी आंगणात उभं राहून हात हलवायचा. राज्याची वाटणी होत होती, कोणाला नागपूर आलं, कोणाला भोपाळ. माझ्या वाटणीला काय आलं, ते मी यांना विचारलं. हे नेहमीसारखे बगीच्यात गेले नाहीत. दारातच उभे राहिले.

नवमीचा दिवस उजाडला. जयवंता जेवली. लुगडं घेतलं, ओटी घेतली. मोटार दाराशी घरघरत होती, हळद-कुंकू लावलेली, रेडिएटरवर झेंडूची माळ. अर्धी गल्ली जमली होती. यांनी पुढच्या सीटवरचं पांढरं कापड काढलं आणि दार उघडून धरलं. जयवंता दोन पावलं आली, लाल सीट पाहिली आणि मागे सरली.

"नाही बा, भैय्याजी," ती म्हणाली. "पाटावर बसली, ताटावर बसली, ते घरातलं होतं. त्या चढावरून मी तिच्या नावानं नाही जात. मले घरी लेकरं हायेत."

"अवं, काही होत नाही," बापूजी म्हणाले.

"मंग तुमीच बसा की जी पुढं. तुमचीच तं जागा होती ते."

साऱ्या गल्लीच्या माना वळल्या. मी बापूजींकडे पाहिलं. त्यांची मान खाली गेली.

"खरं बोलते जयवंता," बापूजी म्हणाले, आणि हे ते माझ्याकडे पाहून म्हणाले. "पुढं मीच बसत होतो. सासरा पुढं असताना सून पुढं कशी बसन? मागं बसे ती, संत्र्याच्या पेट्याइमधी, पडदा पाडून. याले म्हने, मले एक डाव पुढं बसवा, रस्ता कसा दिसते ते पाहाचं हाये. यानं मले विचारलं होतं. मी नाही म्हनलं. लोक काय म्हनतीन म्हनून. गेली तवाही मीच पुढं होतो. ती मागंच."

म्हणजे मी चार महिने ज्या जागेवरून जळत होते, त्या जागेवर ती बाई एकदाही बसलेली नव्हती. माझ्या रागाला एकदम बूडच राहिलं नाही. पण राग गेला असं नाही. उलट मला तिचा नवाच हेवा वाटला. तिनं यांच्याकडे एक गोष्ट मागितली होती, आणि तेरा वर्षं हा माणूस तिचं मागणं काळजाशी धरून बसला होता. मी तर बोलून बोलून इतकं मागत होते की यांना त्यातलं एकही ऐकू येत नसावं.

हे दार धरून तसेच उभे. इंजिनाची घरघर. बापूजी हळूहळू चालत मोटारीच्या मागच्या दाराकडे गेले. धोतर सावरून ते पेटीत चढले आणि फळीवर बसले. मग आतून म्हणाले, "सूनबाई, तू बस पुढं. तिचा टाक तुह्या गळ्यात हाये. टाक जाईन तिथं ती जाते. दुसऱ्या सवाष्णीचं कामच नाही."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी "बस" म्हटलं नाही, "नको" म्हटलं नाही. दार मात्र धरून ठेवलं. मी सुधाला जयवंताच्या कडेवर दिलं आणि बसले. तिच्या नावानं तर तिच्या नावानं. जागा मऊ होती. कापूस माझा होता.

सौंसर मागे पडलं. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये मध्ये हिरव्या संत्र्यांचे बगीचे. समोरच्या काचेतून रस्ता पळत येताना मी कधी पाहिलाच नव्हता. मोटारीत मागे बसलं की रस्ता फक्त मागे जाताना दिसतो. मी काही बोलणार इतक्यात हे बोलू लागले.

"हा बगीचा नत्थूजीचा," हे म्हणाले. "तवा कोरडा होता, आता पानी लागलं त्याले. आपल्या विहिरीलेही लागलं. तू म्हनत होती ना, आंब्यापाशी खोदा. तिथंच लागलं."

मी कधीच म्हटलं नव्हतं आंब्यापाशी खोदा. विहीर मी येण्याआधीची. यांचे डोळे रस्त्यावर होते. मला कळलं, हे कोणाशी बोलताहेत. माझ्या गळ्यातल्या अधेलीएवढ्या पत्र्याशी. अंगाला काटा आला आणि त्याच वेळी कानही टवकारले. हे काळी गाय गेल्याचं सांगत होते. लढाई संपल्याचं, इंग्रज गेल्याचं, चावडीवर झेंडा लागला तेव्हा बापूजींनी नवी टोपी घातल्याचं. आता राज्यं बदलणार, म्हणून घाई केली, नाहीतर अजून रंगाचा एक हात द्यायचा होता. एवढे शब्द या माणसाकडे होते! नऊ वर्षं कुठे ठेवले होते ते? मी त्यातल्या एकेका शब्दासाठी भांडले आहे.

"आन् घरी एक आनली हाये," हे म्हणाले. "प्रेमलता."

माझं नाव यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. पुढचं ऐकायला मी यांच्याकडे वळले. पण तेवढ्यात केळवदचा चढ आला. इंजिन खोल आवाज काढू लागलं. यांनी गिअर बदलला, ओठ आवळले, दोन्ही हातांनी चाक धरलं. मोटार मंदावली. मागे बापूजी मोठ्यानं मारुतीचं नाव घेऊ लागले. मीही टाक मुठीत धरला. का धरला, मला ठाऊक नाही. माझी तिच्याशी काही मैत्री नव्हती.

"थांबत नाही, पंचफुला," हे म्हणाले. "आता नाही थांबत. बस नीट."

मोटार चढली. वरच्या सपाटीवर आली आणि धावू लागली. यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. पुढे नागपूर येईपर्यंत हे एक अक्षर बोलले नाहीत. माझं नाव तसंच चढाखाली राहिलं.

नागपूरला मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी मोटार उभी केली. हे उतरले, माझ्या बाजूचं दार उघडलं. मी उतरले, फाटकाशी हळद-कुंकू वाहिलं, नारळ ठेवला. बापूजींनी टोपी काढून हात जोडले. "पोहचली," ते म्हणाले. आम्ही मागे वळून न पाहता मोटारीत येऊन बसलो. बोळवण झाली होती. आता त्या जागेवर मी माझ्या नावानं बसले होते. जे मागितलं ते मिळालं होतं.

मोटार सुरू झाली. सावनेर गेलं. मी वाट पाहत होते. यांचे डोळे रस्त्यावर, ओठ मिटलेले.

"मोटार छान झाली," मी म्हटलं.

"हो."

"रंगाचा हात पुढच्या महिन्यात देऊ."

"देऊ."

मागे बापूजी फळीवर आडवे होऊन घोरत होते. केळवद आलं. तो चढ आता उतार होता. मोटार सहज उतरू लागली. लाल सीटवर मी बसले होते, माझ्या हक्कानं, आणि माझ्या वाट्याला तेच ते दोन शब्द येत होते. सौंसर काही लांब नव्हतं. तिथं पोचलो की हे इंजिन बंद करणार, "झालं" म्हणणार आणि बगीच्यात जाणार. मग ते जे काही माझ्याबद्दल बोलायला निघाले होते ते पुन्हा तेरा वर्षं कडब्याखाली जाईल.

मी पदराखालून टाक बाहेर काढला आणि छातीवर उघडा सोडला. शाळेची भाषा बाजूला ठेवली.

"घरी एक आनली म्हनत होते तुमी," मी म्हटलं. "कशी हाये जी ती?"

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात फक्त चाकावरून थोडा खाली आला.

"तिखट हाये," हे म्हणाले. "तोंडानं लय तिखट हाये. पन तिच्यावाचून घरात पाय ठेवाची हिंमत होत नाही मले." आणि मग सौंसर येईपर्यंत हे माझ्याबद्दल बोलत राहिले, आणि ते सारं तिला सांगत राहिले.